कंट्रोलर काकांचं जहाज

अमरावतीत समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचा मास्तर लागत नाही. दोन तलाव आहेत. त्यांत पावसाळ्यानंतर काही महिने पाणी दिसतं आणि बाकीचं वर्ष आम्ही नळ कधी येणार याच्या बातम्या एकमेकांना पुरवत काढतो. अशा गावात, माझ्या अगदी समोरच्या घरात, एका माणसाने अख्खा उन्हाळा आणि बराचसा पावसाळा जहाज बांधण्यात घालवला. जहाज म्हणजे हातभर लांबीचं, लाकडी. खोक्यातून सुटे भाग येतात आणि ते घरी बसून जोडायचे असतात, तसलं. पण तायडे काकांनी त्याला कधी खेळणं म्हटलं नाही की मॉडेल म्हटलं नाही. काकू मात्र त्याला शेवटपर्यंत डोंगा म्हणायच्या आणि काका दर वेळी तेवढ्याच तळमळीने सांगायचे, "डोंगा नोय वो, जहाज हाय जहाज!"

काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. स्टँडवर खिडकीआड बसून "अकोला, मूर्तिजापूर मार्गे" असं कुणीतरी नाकातून सांगतं ना, ते कुणीतरी म्हणजे आमचे काका. आधी अकोल्याला होते, मग अमरावतीला. नोकरी सुटली पण घोषणा सुटल्या नाहीत. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की बैठकीतून आवाज यायचा, "वरणाचा कुकर उतरण्याच्या तयारीत आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी!" संबंधित म्हणजे काकू. त्या शांतपणे भेंडी चिरत बसायच्या आणि कुकर काकाच उतरवायचे, कारण वाट पाहणं त्यांच्याच्याने होत नसे.

घाई हा काकांचा धर्म होता. लग्नाला ते मांडवाच्या आधी पोचायचे. तिथे खुर्च्या लावायचे, आचाऱ्याला झापायचे आणि नवरदेव आला की त्याच्याकडे असं बघायचे की बिचाऱ्याला आपण आलो हीच चूक झाली असं वाटावं. त्यांच्याकडे चहाला जाणं म्हणजे परीक्षाच. चहाचा कप हातात आला की काका आपला एका घोटात संपवायचे आणि तुमच्या कपाकडे पाहत बसायचे. तुम्ही शेवटचा घोट घेतला रे घेतला, की म्हणायचे, "झाला? मंग सुटा आता." यात अपमान मुळीच नसायचा. गाडी भरली की ती सुटते, तशी माणसंही चहा झाला की सुटतात, असा त्यांचा साधा हिशेब होता. पुण्याकडची माझी एक मावसबहीण यावरून रुसून बसली होती. तिला समजावता समजावता माझी दिवाळी गेली.

काकूंचं सगळं उलट. त्या बोलायच्या सावकाश, चालायच्या सावकाश. विहारात रविवारच्या वंदनेला निघाल्या, की काका विहाराच्या दारात उभे असायचे आणि काकू अजून आमच्या फाटकाशी माझ्याशी बोलत असायच्या. "यायचा संसार एक्स्प्रेस, माहा पॅसेंजर," असं त्या काकांविषयी म्हणायच्या. "पन मॅडम, पोचलो तं दोघंई एकाच ठिकानी."

मी ज्युनियर कॉलेजात शिकवते, म्हणून कॉलनीभर मी मॅडम. काका लाडात आले की मात्र पोरी म्हणायचे. ते फार क्वचित.

आता जहाज कुठून आलं ते सांगते. त्या हिवाळ्यात काका अंगणात चक्कर येऊन पडले. फार काही झालं नाही. डॉक्टरने रक्तदाब, मीठ आणि "जरा सावकाश घ्या" एवढंच सांगितलं. पण पुण्यातला त्यांचा मुलगा अमोल घाबरला. एकुलता एक, स्वभावाने अगदी गोड मुलगा. तो आला आणि म्हणाला, बाबा, आता इथे दोघांनी एकटं राहायचं नाही, घर भाड्याने देऊ, पुण्याला चला. काकांना जायचं नव्हतं. काकूंनाही नव्हतं. पण पोराच्या तोंडावर नाही म्हणणं दोघांनाही जमेना. पोरगा काळजीपोटी बोलतोय हे त्यांना कळत होतं, आणि त्याच्या काळजीला काय उत्तर द्यायचं ते कळत नव्हतं.

काकांचा पुण्याविषयीचा आक्षेप एकच होता, ओळखीचा. "तठी मले कोन वयखते?" इथे ते रोज सकाळी स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसायचे. परतवाड्याची गाडी सुटायला जरा उशीर झाला की खिडकीशी जाऊन नव्या कंट्रोलरला टोचायचे. तो नवा मुलगाही त्यांना "या साहेब" म्हणायचा आणि चहा पाजायचा. पुण्यात हे कोण करू देणार होतं?

तर आईबापांना तोवर काही विरंगुळा हवा, म्हणून अमोलने पुण्याहून ते जहाजाचं खोकं पाठवलं. फोनवर काका घाईघाईत बोलून गेले, "ठीक हाय. हे जहाज झालं की आमी येतो." अमोल खूश झाला. आणि काकांनी फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण वेळ देऊन बसलो. काका एकवेळ जेवण चुकवतील, पण दिलेली वेळ चुकवणार नाहीत. म्हणजे आता मामला असा झाला, की जहाज पुरं झालं की अमरावती सुटली. अमरावतीत राहायचं तर जहाज पुरं होता कामा नये. आणि हे काम आलं होतं अशा माणसाकडे, ज्याला उकळत्या चहाचीही वाट पाहवत नाही.

पहिल्याच दिवशी काकांनी बुद्धमूर्तीखालचं टेबल मोकळं करून सगळं खोकं त्यावर उपडं केलं आणि दुपारपर्यंत जहाजाचा कणा आणि फासळ्या चिकटवून टाकल्या. मग घाम पुसत आमच्याकडे आले आणि घाबऱ्याघुबऱ्या म्हणाले, "मॅडम, घोटाळा झाला. असं चाललं तं आठवड्यात पुन्यात असन मी."

मला हसू आवरेना. पण काकूंचा चेहरा दारात दिसला आणि माझं हसू जागीच थांबलं. त्यांनी अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडाची दोनचार पानं उगाच तोडली.

यावर उपाय काढला देशपांडे वकिलांनी. ते काकांच्या भिंतीला भिंत लावून राहायचे आणि दोघांचं कधी पटायचं नाही. पटणार कसं? एकाने जन्मभर गाड्या वेळेवर सोडल्या आणि दुसऱ्याने जन्मभर तारखा वाढवून घेतल्या. वकीलसाहेबांचे काही दिवाणी दावे म्हणे अशिलांच्या नातवंडांनी पुढे चालवले. प्रकरण कानावर येताच ते धोतर सावरत आले, खुर्चीत बसले, जहाजाच्या फासळ्यांकडे चष्म्यातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तायडे, तुम्ही कामाचे माणूस आहा, पण लांबवणं ही विद्या आहे. ती माझ्याकडे आहे. आजपासून हे प्रकरण माझ्याकडे द्या."

त्या दिवसापासून रोज सकाळी वकीलसाहेब तपासणीला यायला लागले. आज लाकूड दमट आहे, उद्या पाहू. आज ऊन फार आहे, गोंद धरणार नाही. आज पट्टी लावण्याआधी पुस्तिका नीट वाचून घ्या, आणि पुस्तिका तर चार परक्या भाषांत, म्हणजे आधी ती मॅडमना दाखवा, मॅडम परीक्षेच्या पेपरांत आहेत, म्हणजे पुढल्या महिन्यात. काका समोर बसून हे ऐकत असायचे आणि त्यांची बोटं टेबलावर अशी वाजत असायची, की जणू फलाटावर भरलेली गाडी उभी आहे आणि चालकच सापडत नाही.

वकीलसाहेबांनी पाठ फिरवली की काका चारदोन पट्ट्या लावून टाकायचे. मग संध्याकाळी पश्चात्ताप.

पट्ट्यांची एक गंमत आहे. त्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून वाकवायच्या असतात, म्हणजे जहाजाच्या पोटाला गोलाई येते. मे महिना, बाहेर उन्हाचा वणवा. काकांनी पट्ट्या कूलरच्या टाकीत टाकल्या. कूलरही चालू आणि लाकूडही भिजतं, एका कामात दोन कामं. त्यातली एक पट्टी जाऊन पंपात अडकली, पंपाने मान टाकली, आणि तायडे कुटुंब ऐन दुपारी आमच्या कूलरपुढे येऊन बसलं. उरलेल्या पट्ट्यांना गोलाई द्यायला काकांनी घरातली सगळ्यांत गोल वस्तू शोधली. ती निघाली पाण्याचा माठ. माठाभोवती त्यांनी सगळ्या पट्ट्या सुतळीने आवळून बांधल्या. झाकणासकट. दोन दिवस तो माठ हाड मोडलेल्या माणसासारखा पट्ट्यांत जखडून बसला होता आणि काकू पाण्यासाठी तांब्या घेऊन माझ्याकडे येत होत्या.

"अवो, मानसं तहानेनं मरून राहिले अन् तुमी डोंग्यासाठी पानी अडवून राहिले!"

"जहाज!" काका आतून ओरडले.

पट्ट्या निघाल्या तेव्हा त्या माठाएवढ्या गोल झाल्या होत्या. त्यामुळे जहाजाचं पोट मध्यभागी असं काही फुगलं, की वकीलसाहेब बघताक्षणी म्हणाले, "हे जहाज जेवून आलेलं दिसतं."

पण खरा घोळ पुढेच होता. जहाजाची एक बाजू टोकदार असते आणि एक चपटी असते. टोकदार बाजूने ते पाणी कापत जातं आणि सुकाणू मागच्या चपट्या बाजूला असतं. ज्याने समुद्र पाहिलाय त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. काकांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी एसटी पाहिली होती. एसटीचं तोंड चपटं असतं, ड्रायव्हर तोंडाशी बसतो आणि स्टेअरिंगही तिथेच असतं. सुकाणू चपट्या बाजूला आलं, तेव्हा काकांची खात्रीच पटली की हेच तोंड. त्यांनी मधली छोटी केबिन त्या बाजूला खिडक्या करून चिकटवली. पुढच्या काचेच्या वर पाटी असते तशी वर एक पाटीही लावली, तिच्यावर बारीक ब्रशने "अमरावती" लिहिलं. टोकदार बाजूला, ती मागची बाजू म्हणून, सामान चढवायची शिडी लावली.

मी खोक्यावरचं चित्र त्यांच्यापुढे धरलं. "काका, हे पाहा, टोकदार बाजू पुढे आहे."

काकांनी चित्र पाहिलं, मग जहाज पाहिलं, मग पुन्हा चित्र पाहिलं. म्हणाले, "हे चित्र रिव्हर्समधी असताना काढलं हाय."

"अहो, सुकाणू मागेच असतं."

"मागून गाडी चालवते काय कोनी? समोरचं दिसन काय त्याले? काईच्या काई बोलता मॅडम तुमी." आणि मग जरा समजुतीने, "तुमचं शिक्षन हाय, पन तुमचा स्टेअरिंगचा अनुभव नाई ना."

माझ्याकडे बारा वर्षं स्कूटी आहे. पण तो मुद्दा मी मांडला नाही.

वकीलसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला बाजूला अंगणात नेलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, याबद्दल आता एक अक्षर बोलू नका. हा अपिलाचा मुद्दा आहे. सगळं जहाज होऊ द्या. मुलगा आला, झालं म्हणाला, की आपण उठून सांगायचं, तोंड उलटं आहे, काम सदोष आहे, पहिल्यापासून करावं लागेल. म्हणजे आणखी एक वर्ष निघते." मला त्यांचं कौतुक वाटलं. शेजाऱ्याशी आयुष्यभर भांडलेला हा माणूस तोच शेजारी टिकावा म्हणून एवढा खटाटोप करत होता. मी त्यांना तसं म्हटलंही. ते गडबडले आणि म्हणाले, "तसं काही नाही हो. नवा भाडेकरू कसा येईल काय माहीत."

पावसाळा लागला तसं जहाजाला तेल लावायची पाळी आली. पुस्तिकेत कुठल्याशा तेलाचं नाव होतं. काकांनी जयस्तंभापासून थेट बडनेऱ्यापर्यंत रंगाची दुकानं पालथी घातली. शेवटी मी मोबाईलवर शोधून सांगितलं, काका, हे जवसाचं तेल. काका सुन्न झाले. ज्या तेलासाठी त्यांनी पेट्रोल जाळलं, ते काकूंच्या फडताळात बाटली भरून होतं, हिवरखेडच्या बहिणीने तेलघाणीवरून पाठवलेलं. त्यांनी ती बाटली जहाजावर रिकामी केली. त्यानंतर तायडेंच्या घरात पाऊल टाकलं की पोटात भूक उठायची. सगळ्या बैठकीला जवसाच्या चटणीचा वास. एक खार रोज खिडकीतून आत यायला लागली आणि डोलकाठीचं टोक कुरतडायला लागली. वकीलसाहेबांनी तिला दाणे घालायला सुरुवात केली. ती आपल्याच बाजूची आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

पाण्याची चाचणी त्यांनीच सुचवली, आणखी काही दिवस जातील म्हणून. अंगणातल्या हौदात जहाज सोडलं. ते बुडालं नाही, हे कबूल केलं पाहिजे. ते एका कुशीवर वळलं आणि जेवणानंतर आडव्या झालेल्या माणसासारखं निवांत तरंगत राहिलं. आम्ही सगळे काकांकडे पाहत होतो. काका म्हणाले, "पॅसेंजर सारे एकाच साइडले बसले, अजून काई नाई."

पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठ्या पोळ्याला खरे बैल, तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल, चाकांवरचे, दोरीने ओढायचे. कॉलनीतली सगळी पोट्टी आपापले बैल सजवून मैदानात आणतात, त्यांना बक्षिसं मिळतात. घोषणा दरवर्षी काकाच करायचे. त्या वर्षी पोरांनी हट्ट धरला, की तायडे आबांचं जहाजही पाहिजे. काका पोरांना "आनतो" म्हणाले. पुन्हा वेळ देऊन बसले!

त्या दिवशी जहाजाचं बरंच काम बाकी होतं. वकीलसाहेबांनी ते मोठ्या कष्टाने बाकी ठेवलं होतं. डोलकाठी उभी करायची होती, शिडं लावायची होती, दोऱ्या ओवायच्या होत्या. त्यांच्या अंदाजाने हे दिवाळीच्या पुढे जात होतं. पोळ्यासाठी म्हणून अमोलही पुण्याहून आलेला. तो दुपारी झोपला होता. कार्यक्रम पाचचा. चारच्या सुमारास मैदानात पोरं जमायला लागली, ढोलकी वाजली, आणि ती काकांच्या कानात गेली.

मी माझ्या खिडकीतून काकांना टेबलाकडे वळताना पाहिलं आणि त्यांच्या घरी धावले. काका टेबलाशी बसले आणि त्यांचे हात सुटले. दिवाळीपर्यंतचं सगळं काम त्या माणसाने त्या तासाभरात उरकलं. खारीने कुरतडलेली डोलकाठी उलटी उभी केली. काकूंनी शिडांच्या जागी त्यांच्या माहेरची बैलाची झूल कापून दिली, लाल, आरशांची. मी रागाने त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "काय करू मॅडम? असे घाईत आले की मले यायले नाई म्हनताच येत नाई. लगन झालं तवापासून तेच हाय." जहाजाचा तळ सपाट नसल्याने ते ओढायचं कसं, हा प्रश्न आला. काकांनी माळ्यावरून अमोलच्या लहानपणचा लाकडी बैल काढला, त्याची चारही चाकं उखडली आणि जहाजाला ठोकली.

पाचला पाच कमी असताना काका मैदानात हजर होते. हातात दोरी, मागे जहाज, चपटं तोंड पुढे करून, जहाजाच्या गळ्यात घुंगरांची माळ आणि वर "अमरावती" ही पाटी. आजूबाजूला लाकडी बैल, मध्ये हे. परीक्षक म्हणून बोलावलेले एक निवृत्त गुरुजी वाकून पाहू लागले.

"हा कोणत्या जातीचा बैल?"

"पान्यातला," काका म्हणाले.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा. बक्षीस घ्यायला नाव पुकारलं ते काकांनीच, स्वतःच्या तोंडाने, "तायडे यांचं जहाज, स्टेजच्या उजव्या बाजूला लागत आहे," आणि मग स्वतःच धावत जाऊन घेतलं. मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्याच वेळी गर्दीतून अमोल पुढे आला. तो वाकला. जहाज नाही पाहिलं त्याने, आधी चाकं पाहिली. आपल्या बैलाची चाकं त्याने ओळखली होती. बराच वेळ तो ती बोटाने फिरवत बसला. मग उठला आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं बाबा. किती छान झालं."

कॉलनीत सगळ्यांनाच माहीत होतं, झालं म्हणजे काय झालं ते.

वकीलसाहेब तयारच होते. ते खाकरले. "थांब अमोल. झालं म्हणता येणार नाही. जहाजाचं तोंड उलटं आहे. चपटी बाजू मागे पाहिजे, ती पुढे आहे. केबिन उलटी, पाटी उलटी. काम मुळातच चुकलेलं आहे. हे सगळं उखडून पहिल्यापासून करावं लागेल." असं म्हणून त्यांनी काकांकडे पाहिलं आणि डोळा मारला. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला मी पहिल्यांदाच डोळा मारताना पाहिलं.

आता काकांनी फक्त "हो, चुकलं" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. काकू हात जोडल्यासारखे धरून उभ्या होत्या. मी मनात म्हणत होते, म्हणा काका, म्हणा एकदाचं.

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चुकलं?" ते म्हणाले. "काय चुकलं? तुमी सांगता काय मले, गाडीचं तोंड कोन्या बाजूले असते ते? अख्खी नोकरी काढली म्या! वकीलसाहेब, माह्या जहाजात काई नुक्स नाई. जहाज पुरं झालं हाय. टायमात झालं हाय!"

वकीलसाहेब खाली बसले. जन्मात हरले नसतील असे हरले. आपल्याच अशिलाने पाडलं. काका मात्र अजून तावातावाने जहाजाकडे बोट दाखवत होते आणि मग हळूहळू ते बोट खाली आलं. काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "चाला घरी. चहा टाकतो."

मला त्यांचा राग आला, दया आली, आणि त्याहून जास्त प्रेम दाटून आलं. काय करावं अशा माणसाचं?

निघायचा दिवस आला. अमोलने स्लीपर कोचची तिकिटं काढली होती. काकांना तीही टोचत होती. एसटीच्या माणसाने खासगी ट्रॅव्हल्सने जायचं म्हणजे शाकाहाऱ्याने मटणाच्या खानावळीत जेवण्यासारखंच होतं. आम्ही कॉलनीतली मंडळी पोचवायला गेलो. मी स्कूटीवर, मागे वकीलसाहेब. सामान चढलं, काकू खिडकीशी बसल्या, अमोल वरच्या बर्थवर बॅगा लावत होता. काका जहाज मांडीवर घेऊन बसले होते, चाकं बाहेरच्या बाजूला.

गाडी सुटेना. एक प्रवासी यायचा होता, आणि पुढे एक मालवाहू ऑटो आडवा लागला होता. आम्हाला बरंच वाटत होतं. खिडकीखाली उभं राहून आम्ही काकूंशी निरोपाचं तेच ते पुन्हा बोलत होतो. वकीलसाहेब माझ्या कानात म्हणाले, "पाहा, तारीख मिळते आहे."

काका दोनदा घड्याळाकडे पाहून चुळबुळले. मग उठले, खाली उतरले, जहाज माझ्या हातात दिलं आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. "काहून थांबून राहिला बे? टाइम झाला ना!" त्यांनी ऑटोवाल्याला हलवलं. गाडी मागे घ्यायला लावली, "आन दे, आन दे, बस!" रस्त्यावर उभं राहून दोन्ही बाजूंची वाहनं अडवली. उशिरा आलेल्या प्रवाशाला खांद्याला धरून आत ढकललं. मग गाडीच्या पत्र्यावर हाताने दोन थापा मारल्या, "हं, जाऊ दे!" आणि गाडी सुटली.

काका हात वर करून तिला वाट दाखवत राहिले. त्यांचा चेहरा इतका आनंदी मी उन्हाळ्यापासून पाहिला नव्हता. खिडकीतून काकू ओरडत होत्या, "अवो! अवो, तुमी!" गाडी वळणाआड गेली. काका हात झटकून आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "सुटली टायमात." मग माझ्या हातातल्या जहाजाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे.

वकीलसाहेब फुटपाथच्या कडेवर बसले आणि पोट धरून हसायला लागले. त्यांना दम लागला, कुणीतरी पाणी दिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. अमोल. गाडी बडनेरा रोडवर एका पेट्रोल पंपाशी थांबवून घेतली होती. "मॅडम, बाबांना आणता का लवकर? ड्रायव्हर चिडलाय. दहा मिनिटं थांबतो म्हणतो."

मी स्कूटी काढली. काका मागे बसले, जहाज मांडीवर धरून. वकीलसाहेबांचं हसणं थांबलं होतं. ते उठले, काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि बाजूला झाले.

रस्ता मोकळा होता. पोचायला पाच मिनिटंही लागली नसती. मी वेग घेतला तशी माझ्या खांद्यावर थाप पडली.

"हळू चालव पोरी."

मला वाटलं, जहाजाची झूल उडत असेल. मी वेग कमी केला. शाळेतून परतणारी एक मुलगी सायकलवरून आमच्या पुढे गेली आणि वळून जहाजाकडे पाहून हसली. आरशात मला काका दिसत होते. ते दोन्ही बाजूंची दुकानं पाहत होते, एक एक करून, पाट्या वाचत. लांबवर पंपाशी उभी असलेली ती बस दिसायला लागली. मी आणखी हळू केलं, इतकं की स्कूटी डुलायला लागली आणि मला पाय टेकवावे लागले.

"काका, गाडी थांबली आहे तुमच्यासाठी," मी म्हटलं.

"थांबू दे," काका म्हणाले. "अजून हळू."